चार नंबरची बाटली

आईची बाटली फुटली तेव्हा माझी वर्षाची रजा संपत आलेली. दोन्हींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही, पण दमलेल्या माणसाच्या डोक्यात सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं. आम्ही कल्याण पूर्वेला राहतो, आई आणि मी. चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा मिळालेली ही जागा, म्हणून आता तिला फ्लॅट म्हणायचं. मी ठाण्याला जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून आहे. आईला विसरण्याचा आजार आहे. कधी ती मला ओळखते, कधी मी तिची धाकटी बहीण असते. आणि कधी मी शाळेतली कुणीतरी बाई असते, तेव्हा ती पदर सावरून उभी राहायला बघते. ठाण्यातल्या एका शाळेत ती शिपाई होती, रिटायर होईपर्यंत. त्या शाळेतून ती अजून घरी आलेली नाही, असं मला हल्ली वाटतं.

बाटली म्हणजे काही मोठी वस्तू नव्हती. दुधी रंगाची, मऊ, दाबली की दबणारी आणि सोडली की पुन्हा फुगणारी. एका जयंतीला आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने मिरवणुकीत चालणाऱ्या बायकांना वाटलेली. तिच्यावर निळ्या अक्षरांत मंडळाचं नाव होतं, ते केव्हाच पुसलं गेलं. आईने तिच्या झाकणाला तापवलेल्या सुईने एक भोक पाडलं, आणि तेव्हापासून तिला दुसरी बाटली लागली नाही. पुढे तिच्या डोक्यातलं एकेक निसटत गेलं. गॅस कसा बंद करायचा ते गेलं, बाबा वारलेत हे गेलं, जेवण झालंय की व्हायचंय हे गेलं. पण तहान लागली की बाटली कुठे ठेवलीय हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तिला सांभाळायला दिवसभर एक मावशी येतात. त्या म्हणायच्या, आजींची पाण्याची कटकट नाही, भरून ठेवली की आपापल्या पितात. मीही तेवढ्यापुरती निर्धास्त होते. दिवसभरात निर्धास्त असण्याची माझी तेवढी एकच बाब होती.

मग ती फुटली. बुडाशी, जिथे दोन बाजू जोडल्याची रेघ असते, तिथे चीर गेली. आई पाणी प्यायला गेली आणि सगळं पाणी तिच्या मांडीवर. तिला वाटलं आपलं लुगडं आपणच ओलं केलं. मी ऑफिसातून आले तर ती भिंतीकडे तोंड करून रडत बसलेली, आणि मावशी समजावून समजावून थकलेल्या. मी म्हटलं, आई, बाटली फुटलीय गं, तुझं काही नाही. ऐकेचना. शेवटी त्या फुटक्या बाटलीत पाणी भरलं आणि तिच्यासमोर माझ्या ड्रेसवर गळू दिलं, तेव्हा कुठे तिला पटलं. तिने माझा ओला ड्रेस हाताने चाचपला, बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "मंग शिव ती."

शिवायची कशी ती. मी चिकटवायला बसले. घरातला फेविकॉल लावला, तो वाळून पापुद्र्यासारखा सुटला. हार्डवेअरवाल्याकडून ते दोन गोळे एकत्र मळून लावायचं लुकण आणलं. ते दगडासारखं कडक झालं, मी खूश झाले, बाटली दाबली आणि तो अख्खा थर जसाच्या तसा हातात आला. या प्रकारच्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त वैतागले आणि बोटांना लागलेलं लुकण रॉकेलने, मग साबणाने, मग दगडाने घासत बसले.

दुसरी बाटली आणायला काय लागतं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पहिल्यांदा विकतच्या पाण्याची साधी बाटली दिली. आईने हातात घेतली, दाबली, ती कडकड वाजली, आणि आईने दचकून खाली ठेवली. "ही न्हाई." स्टीलची दिली. तीही तिने दाबून बघितली, ती दबेना. "ही न्हाई." मग माझ्या ऑफिसची, जाड निळ्या प्लास्टिकची. ती उचलून तिने तोंडावर उपडी केली तर भसकन सगळं पाणी नाकातोंडात गेलं आणि ती एवढी खोकली की मी तिची पाठ चोळत बसले. त्यानंतर तिने बाटल्यांना हात लावणं सोडलं. फुलपात्र ओठांशी नेलं की ओठ मिटायची. चमच्याने पाजायला गेले की मान फिरवायची. स्ट्रॉ दिली तर तिची घडी घालून कनवटीला लावली. वरणाचं, पेजेचं, चहाचं असं काय पोटात जात होतं तेवढंच. चहा ती बशीत फुंकून घ्यायची, पण तोही अर्धा बशीतच राहायचा.

डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर जुने आहेत, बोलतात कमी. त्यांनी आईच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती तशीच उभी राहिली. म्हणाले, पाणी पोटात गेलंच पाहिजे. मागच्या वेळी लघवीचं इन्फेक्शन डोक्यात चढलं होतं ते आठवतंय ना? आठवत होतं. मागच्या वेळी तिला ॲडमिट केलेलं. तिने सलाईन उपटलं, मग नाकातली नळी उपटली, आणि मग तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले. नर्स काही वाईट नव्हत्या, त्यांचाही इलाज नव्हता. पण आई मला हाका मारत होती आणि विचारत होती, मी काय चोरलंय म्हणून बांधलंय. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चारपाच दिवस बघा, नाहीतर नळीच. मी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात जीव लागतो.

तेव्हा मी ठरवलं की हिला हीच बाटली आणून द्यायची. अगदी अशीच. तिच्या हाताला हेच प्लास्टिक ओळखीचं आहे, दुसरं चालत नाही, असा माझा पक्का समज झाला. "ही न्हाई, ही न्हाई" म्हणत ती एकेक बाटली दाबून बाजूला ठेवत होती, त्यावरून दुसरं काय समजणार? पण हीच बाटली म्हणजे कोणती? मंडळातल्या बायकांना विचारलं. कुणालाच ती कुठून आणली ते आठवेना. ज्यांनी आणली त्या बाई गावाला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. एकीने सांगितलं, बाटलीच्या बुडाला नंबर असतो बघ, त्यावरून प्लास्टिक कळतं.

बुडाला बाणांचा एक छोटा त्रिकोण असतो, त्यात आकडा. मला हे माहीत असायला काहीच हरकत नव्हती, आयुष्य बाटल्या भरण्यात गेलं, पण मी कधी बूड बघितलेलं नाही. मोबाईलवर वाचलं. एक म्हणजे विकतच्या पाण्याची, कडकड वाजणारी. दोन म्हणजे शाम्पूची, फिनेलची, जाड. चार म्हणजे मऊ, दबणारी. पाच म्हणजे डबे आणि झाकणं. मधले आणि पुढचे आकडे आणखी कशाकशाचे. आईच्या बाटलीचं बूड चष्मा पुसून बघितलं तर त्रिकोणाचा एक कोपरा तेवढा शिल्लक. आकडा इतक्या वर्षांत घासून गेलेला. मोरीच्या कठड्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, विहाराच्या फरशीवर ती बाटली टेकवून टेकवून आईने तो पुसून टाकलेला.

मग मी रविवारी घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर उपड्या केल्या. मावशींची सुट्टी होती. आई खुर्चीत बसून बघत होती, तिला वाटलं भांडी घासायला काढलीत. मी आईच्या बाटलीच्या फुटक्या कडेची एक बारीक पट्टी कात्रीने कापली, पाण्याच्या बाटलीची कापली, शाम्पूच्या बाटलीची कापली. पातेल्यात पाणी घेऊन तिन्ही सोडल्या. पाण्याच्या बाटलीची पट्टी सरळ तळाला गेली. बाकी दोन्ही तरंगल्या. म्हणजे एक नंबर नाही. आईची पट्टी मुडपली तर सहज मुडपली, नख लावलं तर नखाची खूण राहिली. शाम्पूची तेवढी ऐकत नव्हती. मला उगाच शाळेत प्रयोग केल्यासारखं वाटलं. त्या सगळ्या आठवड्यात मला पहिल्यांदाच काहीतरी कळत होतं.

शेवटी जाळून बघायचं होतं. खिडक्या उघडल्या, पट्टी चिमट्यात धरली आणि गॅसच्या कडेला नेली. ती शांतपणे पेटली, काळा धूर नाही काही नाही, आणि वितळून थेंब थेंब पडायला लागली. फुंकर मारून विझवली. विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला, हुबेहूब तोच. मोबाईलवर लिहिलेलंच होतं की असा वास आला तर ते दोन नाहीतर चार नंबरचं. मी मनाशी म्हटलं, चार. आणि मागे वळून बघितलं तर आई खुर्चीतून उठली होती. तिने चपला बाजूला सारल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे रोज संध्याकाळी आम्ही मेणबत्ती लावतो, तिला वाटलं वंदनेची वेळ झाली. ती वंदना म्हणायला लागली. अडखळत नव्हती, एक शब्दही चुकत नव्हता, फक्त ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटत होते आणि दर ओळीला ती ते सोडवत होती. मी चिमटा हातात धरून तशीच उभी राहिले. पूर्ण होईपर्यंत मलाही हलता येईना.

सोमवारपासून मी बाटली शोधायला लागले. कल्याणच्या दुकानांतून प्रत्येक बाटली उपडी करून बघायची, म्हणजे दुकानदार आधी समजायचे की मी किंमत शोधतेय. मग समजायचे मी तपासणीला आलेय. एकाने माझ्या हातातून बाटली काढूनच घेतली. सगळ्यांचं एकच पालुपद, ताई, फूड ग्रेड आहे, डोळे झाकून घ्या. मी म्हणायचे, डोळे झाकले तर नंबर कसा दिसेल? एक, पाच, पाच, एक. चार कुठेच नाही. कुणी म्हणालं मऊ बाटल्या आता कोण घेतं, आता सगळ्यांना कडक आणि चकचकीत लागतात. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा मावशी दारातच सांगायच्या, आज तीन चमचे गेले, आज दोनच. आईच्या डोळ्यांखाली खड्डे पडले होते. ती दिवसाही झोपायला लागली होती, आणि मला ती झोप आवडत नव्हती.

ऑफिसात कामात लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते, बरोबरच लागलो आम्ही नोकरीला. ती माझी बाटली उचलायची, अर्धी संपवायची आणि म्हणायची, तुझं आपलं बरं, तोंड लावत नाहीस. ऑफिसात माझ्या बाटलीला फार मागणी. बाकीच्यांच्या बाटल्या ज्याच्या त्याला, पण मी मान वर करून लांबून धार धरते, एक थेंब सांडत नाही, त्यामुळे माझं पाणी सगळ्यांना चालतं. मला त्याचं कौतुकच वाटायचं. लहानपणी आईने शिकवलेलं, मान वर, घसा उघडा, धार सोड. शिकताना कितीतरी फ्रॉक भिजवले मी. आमच्या घरात कुणीच भांड्याला तोंड लावत नाही. बाबासुद्धा तांब्या असाच वर धरून प्यायचे. स्वच्छता म्हणायची आई, मीही तेच म्हणते.

मैत्रीण म्हणाली, टेंभी नाक्याकडे एक जुनं दुकान आहे, हॉटेलवाल्यांना सामान देतो तो, तिथे बघ. ऑफिस सुटल्यावर चालत गेले. नवरात्र जवळ आलेलं, मांडवाचे बांबू रस्त्यात पडलेले, रिक्षा अडकलेल्या. घामाने ड्रेस पाठीला चिकटलेला आणि पायात गोळे. दुकानदार म्हातारा, ऐकायला कमी येतं त्याला. मी पिशवीतून आईची फुटकी बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दाबली, नाकाला लावली का कोण जाणे, आणि आत जाऊन एक धुळीची पेटी आणली. त्यात तशाच बाटल्या. दुधी, मऊ. उपडी केली तर त्रिकोणात चार. मी तिथेच पेटीवर बसले. त्याने विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, चार द्या. पुन्हा कधी फुटली तर मला हे सगळं नको. त्याला एकेका बाटलीला दोन झाकणं द्यायची सवय, एक साधं आणि एक सायकलवाल्यांचं असतं तसं, दातांनी ओढून चोखायचं. चोखायचं बघून मला आनंद झाला. डॉक्टर म्हणालेच होते, मान मागे टाकून पाणी पिऊ देऊ नका, ठसका लागतो, ओठांनी घेऊ द्या.

घरी आले, बाटली गरम पाण्याने तीनतीनदा धुतली, भरली, चोखायचं झाकण लावलं आणि आईच्या हातात दिली. तिने दाबली. तिचा चेहरा बदलला. तिने पुन्हा दाबली, सोडली, बाटली फुगली, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं जिंकलं. मी पटकन झाकणाची चोच ओढून तिच्या ओठांना लावली, आणि तिने ओठ मिटले. मी म्हटलं, आई, तीच आहे गं. तिने मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिने तिकडून फिरवली. मी तिची हनुवटी धरली. तिने दात घट्ट आवळले आणि डोळे मिटून घेतले. मग माझं डोकं फिरलं. दिवसभराचं, आठवड्याचं, वर्षाचं सगळं एकदम वर आलं.

"मी मेल्यावर पिणार आहेस का?" मी ओरडले.

आई खुर्चीतून उठून उभी राहिली. पदर सावरला, दोन्ही हात पुढे जुळवून धरले आणि मान खाली घातली. म्हणजे मी पुन्हा शाळेतली बाई झाले होते, आणि तिच्या हातून काहीतरी सांडलं होतं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या, मग चपला घालून निघून गेल्या. मी पलंगावर बसले. मला तिची समजूत काढायला हवी होती, पण माझी कोण काढणार होतं? मी नुसती बसून राहिले आणि समोरच्या भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने आई हलली. ती हळूहळू ओट्याकडे गेली. तिथे मी माझ्या पिशवीतून काढून ठेवलेली तिची जुनी फुटकी बाटली होती. तिने ती घेतली. उंच धरली, तोंडापासून वीतभर वर. मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि बाटली दाबली. बाटलीतून नुसती हवा आली, फुस्स झाली. तिने पुन्हा दाबली. तोंड उघडं ठेवून ती पाण्याची वाट बघत उभी राहिली, लहान पोरासारखी, आणि भोकातून नुसती हवा येत राहिली.

आणि मला दिसलं. प्लास्टिकचा प्रश्नच नव्हता. म्हणजे होता, पण तो एवढाच की ते दाबलं जावं आणि झाकणाच्या भोकातून बारीक धार यावी. तिला तोंड न लावता प्यायचं होतं. मी तिला फुलपात्र लावलं ओठाला, चमचा लावला ओठाला, चोच लावली ओठाला. जे मी स्वतः दिवसातून दहा वेळा करते ते मला दिसलं नाही, कारण आमच्याकडे पाणी प्यायचं म्हणजे तसंच प्यायचं. मी आठवडाभर बाटलीचं बूड बघत बसले आणि आईचं तोंड बघितलंच नाही.

मी उठले. गोधडी शिवायची सुई चिमट्यात धरून गॅसवर लाल केली आणि साध्या झाकणाला भोक पाडलं. भोक थोडं कडेला गेलं. बाटली भरून आईच्या हातात दिली आणि लांब उभी राहिले. तिने ती वर धरली, दाबली. दोऱ्यासारखी धार आली. पहिला घोट तिने तोंडात धरून ठेवला, मग गिळला, तो तिच्या गळ्यातून खाली उतरताना मला दिसला. मग दुसरा. ठसका लागला नाही. एवढ्या वर्षांची सवय होती, डॉक्टरांना ती माहीत नव्हती आणि मला सांगायचं सुचलं नव्हतं. तिने बाटली संपवली. मी भरली, तिने अर्धी आणखी प्यायली. मी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, पितेय ना, मग पिऊ द्या तिच्या पद्धतीने, उशी लावून बसवा आणि धार बारीक ठेवा.

मग आम्ही दोघी पलंगावर बसलो. पाणी पोटात गेल्यावर ती जरा ताजी झाली होती, मला नावाने हाक मारली. मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, आई, घरात तुझं माझं काय, तोंड लावून का नाही पीत गं?

तिने बाटलीचं झाकण पदराने पुसलं. "तोंड लावलं की बाजूला ठेवत्यात," ती म्हणाली.

मी विचारलं, कोण? तिने हाताने हवेत कुठेतरी दाखवलं. मग तुकड्या तुकड्यांत बोलली. शाळेतल्या शिक्षिकांच्या खोलीतला माठ रोज तीच भरायची. घासायची तीच, गाळणं लावायची तीच. कामाला लागली तेव्हा एकदा तहान लागली म्हणून तिथल्या पेल्याला तोंड लावून प्यायली. कुणी काही बोललं नाही. बोलायची त्या बायकांची पद्धत नव्हती. फक्त दुसऱ्या दिवशी तो पेला खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला होता, आणि तिथून पुढे तो तिचा झाला. तिने तो पेला कधीच वापरला नाही. ती ओंजळीने प्यायली, धार धरून प्यायली, आणि घरी येऊन मला धार धरायला शिकवलं. एवढं सांगून ती थांबली आणि विचारायला लागली, माठ भरलाय का.

मला संताप आला. आणि तो कुणावर काढावा ते कळेना. त्यातल्या काही बायका वारल्या, काही माझ्यापेक्षा थकल्या असतील. मला माझ्या स्वच्छतेचाही संताप आला, ऑफिसातल्या त्या कौतुकाचाही. आई मात्र शांत होती. तिने बाटली उशाशी घेतली आणि लवंडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुपारी जेवण झाल्यावर मैत्रिणीने सवयीने माझ्या बाटलीकडे हात केला. मी आधी बाटली उचलली, ओठांना लावली आणि प्यायले. सवय नसल्यामुळे दोन थेंब हनुवटीवरून ओघळले. मग बाटली तिच्यापुढे धरली. तिने घेतली, क्षणभर हातात धरली आणि विचारलं, अगं, आज तोंड लावलंस? मी म्हटलं, हो. ती हसली, म्हणाली, राहू दे मग, मी कूलरवरून आणते. आणि माझी बाटली फायलींच्या पलीकडे, टेबलाच्या कडेला ठेवून ती उठून गेली. तिचं काहीही चुकलं नव्हतं. कुणीही दुसऱ्याचं उष्टं पाणी पीत नाही, मीही पिणार नाही. ती माझ्या आजारपणात माझ्या घरी येऊन राहिलेली बाई आहे. पण बाटली बाजूला ठेवलेली होती, आणि मी ऑफिस सुटेपर्यंत तिच्याकडे बघत काम केलं. खरं काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि विचारायचा मला आता कंटाळा आलाय.

घरी आले तर मावशींनी दारातच सांगितलं, आज दोन बाटल्या संपल्या. त्या गेल्या. मी पर्स टाकून पंख्याखाली बसले. आई खिडकीशी बसली होती. मला बघून ती उठली, पदर सावरला. आज पुन्हा मी बाई होते. तिने माझा घामेजलेला चेहरा बघितला, ओट्यावरून आपली बाटली आणली, पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"पाणी घ्या बाई," ती म्हणाली. "म्या तोंड लावलं न्हाई."

मी बाटली घेतली, भोकाचं झाकण काढून ठेवलं, तोंडाला लावली आणि संपेपर्यंत प्यायले. मग उठून तिच्यासाठी पुन्हा भरली.